पांढऱ्या रांगोळीने जंतू मरत नाहीत

पावसाळा आला की आपल्या देशात दोन गोष्टी हमखास घडतात. गटारे तुंबतात, आणि ती का तुंबली याचे खुलासे निघतात. खुलासे करणारे साहेब कोरड्या जागी बसलेले असतात. पाण्यात उभा असतो तो ट्रॅक मेंटेनर, सिग्नलचा खलाशी, पॉइंट्समन, सफाई कर्मचारी, आणि खांद्याला थैली अडकवून गुडघाभर पाण्यातून वाट काढणारा पोस्टमन. रुळांवर आणि रस्त्यांवर साचलेल्या त्या काळ्या पाण्याला आपण सवयीने पावसाचे पाणी म्हणतो. शहरात ते निव्वळ पावसाचे क्वचितच असते. त्यात घराघरांतले मैलापाणी मिसळलेले असते आणि इस्पितळांचे पाणीही असते. या पाण्याविषयी आम्ही आज लिहीत आहोत, कारण वेतन, बोनस आणि पेन्शन यांच्याइतकाच हा आपल्या जिवाचा प्रश्न आहे असे आमचे स्पष्ट मत आहे.

गेल्या पावसाळ्यातील एक हकीकत सांगतो. आमच्या एका शाखेतील ट्रॅक मेंटेनर साथीला रात्रपाळीत नाल्यावरच्या मोरीजवळ काम करावे लागले. वरच्या वस्तीतले मॅनहोल ओसंडून त्याचे पाणी नाल्यात उतरले होते. पाण्याखालची खडी दिसेना. पाय घसरला आणि टाचेपासून बोटांपर्यंत जखम झाली. टाके पडले. तीन दिवसांत पाय सुजला. दवाखान्यातून नेहमीच्या गोळ्या मिळाल्या, उतार पडला नाही. मग इंजेक्शने झाली. अखेर जखमेतील पू तपासणीला गेला. तपासणीच्या कागदावर औषधांची नावे एकाखाली एक छापलेली होती आणि बहुतेक नावांपुढे एकच अक्षर होते, ‘आर’. आर म्हणजे रेझिस्टंट. हे औषध या जंतूवर चालत नाही, असा त्याचा अर्थ. शेवटी मोठ्या इस्पितळात राहून शिरेतून औषध घ्यावे लागले. पाय वाचला, दोन बोटे गेली.

पुढची कथा आपल्यापैकी अनेकांना परिचयाची वाटेल. ‘इन्जुरी ऑन ड्यूटी’ म्हणून अर्ज केला तेव्हा जखम कामावरची असल्याचे मान्य झाले. परंतु नंतरचे दीर्घ आजारपण त्या जखमेमुळेच होते हे सिद्ध होत नाही, असे उत्तर आले. जंतू नाल्यातून आला, घरून आला की इस्पितळातून आला, हे आता कामगाराने सिद्ध करायचे! तो जंतू नेमका कोठला, हे आम्हीही छातीठोकपणे सांगू शकत नाही. पण ज्या पाण्यात कामगाराला उतरवले त्या पाण्यात काय आहे याची तपासणी करण्याची जबाबदारी कामगाराची नव्हती. ज्याची होती त्याने ती केली नाही, आणि त्या न केलेल्या तपासणीचा फायदा मात्र त्यालाच मिळाला.

‘आर’ या अक्षराचा अर्थ

प्रतिजैविकांना, म्हणजे ज्यांना आपण अँटिबायोटिक म्हणतो त्या औषधांना न जुमानणारे जंतू हा केवळ डॉक्टरांच्या परिषदांतला विषय आता राहिलेला नाही. जगभरातील माहिती एकत्र करून केलेल्या एका मोठ्या अभ्यासानुसार २०१९ या एका वर्षात अशा जंतूंमुळे थेट सुमारे १२ लाख ७० हजार माणसे दगावली. त्यांत भारतातील संख्या सुमारे ३ लाख होती. यांतील बहुतेकांच्या मृत्यूच्या दाखल्यावर न्यूमोनिया, रक्तातील जंतुसंसर्ग, मूत्रमार्गाचा विकार अशी नेहमीची नावे पडली असतील. औषध होते, पण ते चालले नाही, ही नोंद दाखल्यावर होत नाही.

जंतू औषधाला दाद का देत नाहीत, हे टपाल खात्यातील साथींना समजावून सांगणे सर्वांत सोपे आहे. जंतूंचीही एक टपाल व्यवस्था असते. औषध कसे निकामी करायचे याची कृती काही जंतूंच्या पोटात एका लहानशा गोल धाग्यावर लिहिलेली असते. शास्त्रज्ञ त्याला प्लाझ्मिड म्हणतात. आपण त्याला टपालाची थैली म्हणू. दोन जंतू एकमेकांना चिकटले की एक जंतू त्या थैलीची नक्कल दुसऱ्याला देतो. दुसरा तिसऱ्याला देतो. पत्ता, जात, कूळ पाहिले जात नाही. आतड्यातला निरुपद्रवी जंतूही ती थैली कॉलऱ्याच्या जंतूच्या हाती देऊ शकतो. अनेकदा एकाच थैलीत पाचसहा औषधांवरच्या कृती एकत्र असतात. अशी देवाणघेवाण होण्यासाठी भरपूर जंतू, भरपूर खाद्य, उबदार पाणी आणि थोडेथोडे औषध एका जागी हवे. या चारही गोष्टी गटारात आयत्या मिळतात. माणसे प्रतिजैविके घेतात तेव्हा त्यांतला बराच भाग मलमूत्रावाटे जसाच्या तसा बाहेर पडतो, हे येथे लक्षात ठेवले पाहिजे.

दिल्लीचे डबके आणि नावाचा वाद

हे सारे पुस्तकी नाही. २००८ साली दिल्लीत उपचार घेऊन स्वीडनला परतलेल्या एका रुग्णाच्या शरीरात असा जंतू सापडला की ज्यावर शेवटचा उपाय म्हणून राखून ठेवलेली कार्बापेनेम गटातील औषधेही चालेनात. त्या जंतूतील जनुकाला शास्त्रज्ञांनी नाव दिले एन.डी.एम.-१. त्यातील एन.डी. म्हणजे न्यू दिल्ली. आपल्या राजधानीचे नाव जंतूला दिल्याबद्दल देशात मोठा गदारोळ झाला. तो राग समजण्यासारखा होता.

पण मग पुढचे पाऊल आले. २०१० च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात दिल्लीच्या मध्यवर्ती भागापासून बारा किलोमीटरच्या परिसरात पाण्याचे नमुने गोळा करण्यात आले आणि २०११ साली त्याचे निष्कर्ष ‘लॅन्सेट’च्या संसर्गजन्य रोगांवरील मासिकात प्रसिद्ध झाले. रस्त्याकडेला साचलेल्या व झिरपलेल्या पाण्याचे १७१ नमुने होते. त्यांतील ५१ नमुन्यांत ते जनुक आढळले. नळाच्या पाण्याचे ५० नमुने होते; त्यांतील दोनांत आढळले. ज्या जंतूंत ते सापडले त्यांत कॉलरा आणि आमांश यांचे जंतूही होते. आणखी एक बाब अशी की आपण वर ज्याला थैलीची देवाणघेवाण म्हटले ती प्रयोगशाळेत २५ किंवा ३७ अंशांपेक्षा ३० अंश तापमानाला अधिक होताना दिसली. ३० अंश म्हणजे आपल्याकडच्या पावसाळ्यातील डबक्याचे तापमान.

सरकारी पातळीवरून या निष्कर्षांवर जोरदार आक्षेप घेण्यात आले. आक्षेप घेण्यास हरकत नाही. परंतु डबक्यातले पाणी चुकीचे तपासले असे ज्यांना वाटते त्यांनी ते स्वतः, वर्षानुवर्षे, जाहीरपणे तपासून दाखवायचे असते. देशात तुरळक अभ्यास झाले. प्रत्येक शहराच्या गटाराचा नियमित हिशेब मात्र आजही कोठे लावला जात नाही. नावाचा वाद रंगला आणि पाण्याचा प्रश्न बुडाला.

पाणी ओसंडते कोठून?

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२१ साली दिलेल्या आकडेवारीनुसार देशाच्या शहरी भागात रोज सुमारे ७२,३६८ दशलक्ष लिटर सांडपाणी निर्माण होते. प्रत्यक्षात प्रक्रिया होत होती ती २०,२३६ दशलक्ष लिटरवर, म्हणजे शंभरातल्या अठ्ठावीस लिटरवर. उरलेले बहात्तर लिटर नदी, नाला, खाडी, तलाव किंवा जमीन गाठते. ज्या शहराचे बहुतेक मैलापाणी असे वर्षभर उघड्यावरच असते, तेथे ‘ओसंडणे’ हा अपवाद राहत नाही.

तरीही पावसाळ्यातील ओसंडण्याला स्वतंत्र महत्त्व आहे. मलनिःसारण वाहिन्या आणि पर्जन्य जलवाहिन्या कागदावर वेगळ्या असतात. पहिल्या मोठ्या पावसात त्या एक होतात. तळाशी महिनोन्‌महिने साचलेला गाळ पहिल्या लोंढ्याबरोबर उखडून वर येतो. उदंचन केंद्रातला पंप वीज गेल्यामुळे बंद पडतो. मुंबईसारख्या शहरात त्याच वेळी भरती असेल तर पाण्याला समुद्रात जायला वाटच उरत नाही. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला तेव्हा लोकल जागच्या जागी थांबल्या, आणि नंतरच्या आठवड्यांत लेप्टोस्पायरोसिसची साथ आली. उंदरांच्या मुतातून पाण्यात उतरणारा आणि पायाच्या भेगांतून माणसात शिरणारा हा रोग. तेव्हापासून साचलेल्या पाण्यातून चालून आलेल्यांना डॉक्टरी सल्ल्याने डॉक्सीसायक्लीन देण्याची पद्धत मुंबईत रूढ झाली आहे. ती योग्यच आहे आणि आरोग्य खात्याने गोळी दिली तर ती प्रत्येक साथीने घ्यावी. पण येथला विरोधाभास लक्षात घ्या. एका जंतूपासून वाचण्यासाठी आपण प्रतिजैविक घेतो, आणि ज्या पाण्यात उभे राहून ते घ्यावे लागते त्याच पाण्यात प्रतिजैविकांना न जुमानणारे दुसरे जंतू वाढत असतात. गोळी ही गमबुटाला पर्याय होऊ शकत नाही. आणि गमबूट हा स्वच्छ पाण्याला पर्याय होऊ शकत नाही.

मारायचे तर मोजून

मग ओसंडणारे पाणी निर्जंतुक करता येते का? येते. प्रतिजैविकांना न जुमानणारा जंतू क्लोरीनलाही जुमानणार नाही, असा एक गैरसमज आहे. तसे साधारणतः नसते. औषधाला पुरून उरणारा जंतू क्लोरीनपुढे त्याच्या साध्या भाऊबंदांसारखाच मरतो. अडचण जंतूच्या ताकदीत नाही, ती पाण्याच्या घाणीत आहे.

क्लोरीन पाण्यात पडला की तो आधी मैल्यातील सेंद्रिय पदार्थ आणि अमोनिया यांच्याशी भिडतो. जंतूंपर्यंत पोचायच्या आतच त्यातला बराच खर्ची पडतो. शिवाय मैल्याच्या कणांच्या आत दडलेल्या जंतूंपर्यंत तो जातच नाही. प्रक्रिया केंद्रात स्वच्छ होत आलेल्या पाण्याला क्लोरीनबरोबर पंधरा ते तीस मिनिटे थांबवून ठेवतात. ओसंडणाऱ्या लोंढ्याला थांबायला एवढी सवड नसते. पाचदहा मिनिटांत काम उरकायचे तर मात्रा कितीतरी वाढवावी लागते, पाणी जोरात घुसळावे लागते, आणि त्याआधी जाळी लावून व गाळ बसू देऊन कचरा व मैला वेगळा करावा लागतो.

आता आकडे पाहा. १०० मिलिलिटर कच्च्या मैलापाण्यात विष्ठेतील कोलिफॉर्म जंतू दहा लाखांपासून एक कोटीपर्यंत आणि त्याहूनही अधिक असू शकतात. ‘नव्व्याण्णव टक्के जंतू मारले’ ही जाहिरात ऐकायला बरी वाटते. पण एक कोटीतले नव्व्याण्णव टक्के मेले तरी एक लाख उरतात. केंद्र सरकारच्या २०१७ च्या अधिसूचनेत प्रक्रिया केंद्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्यासाठी घातलेली मर्यादा १,००० ची आहे. तेथपर्यंत यायचे तर दहा हजारांतले ९,९९९ जंतू मेले पाहिजेत. हे अंदाजाने होत नाही. त्यासाठी मात्रा मोजणारा पंप, उरलेला क्लोरीन तपासणारा माणूस आणि नमुना प्रयोगशाळेत नेण्याची व्यवस्था लागते.

शिवाय अर्धवट निर्जंतुकीकरण हे नुसते निरुपयोगी नसते, ते फसवेही असते. काही अभ्यासांत असे दिसले आहे की क्लोरीननंतर एकूण जंतू खूप घटतात, पण जे तगतात त्यांच्यात औषधांना न जुमानणाऱ्यांचे प्रमाण वाढलेले असते. आणि जंतू मेला तरी त्याच्या पोटातली ती टपालाची थैली पाण्यात काही काळ तशीच पडून राहू शकते; दुसरा जंतू ती उचलू शकतो. पोस्टमन पडला म्हणून पत्र नष्ट होत नाही, तसेच हे. अतिनील किरणांनी जंतू मारता येतात, पण गढूळ पाण्यात किरण आत शिरत नाहीत, आणि जनुकाचे तुकडे करायचे तर जंतू मारण्यापेक्षा कितीतरी अधिक मात्रा लागते. पेरॲसेटिक आम्ल नावाचे रसायन लवकर काम करते आणि शेवटी त्याचे व्हिनेगरमधले आम्ल, पाणी व प्राणवायू असे विघटन होते. पण ते महाग पडते. सर्व गुणांनी युक्त असा एकही उपाय नाही. म्हणूनच क्रम महत्त्वाचा ठरतो. आधी ओसंडणे थांबवा. जे थांबत नाही ते साठवा. जे साठवता येत नाही ते गाळून, मोजून निर्जंतुक करा. आणि नदीत सोडण्यापूर्वी उरलेला क्लोरीन रसायन घालून काढून टाका, कारण तो मासे मारतो आणि सेंद्रिय पदार्थांशी मिळून अपायकारक संयुगे तयार करतो. रेल्वे कामगाराचा पाय वाचवताना कोळी बांधवाचे पोट मारले गेले तर त्याला कामगार चळवळीचा विजय म्हणता येणार नाही.

साहेबांची पाहणी आणि पांढरी रांगोळी

आपल्याकडे मात्र निर्जंतुकीकरण म्हणजे काय ते आपण जाणतोच. मोठ्या साहेबांची पाहणी असली की आदल्या रात्री फलाटाच्या कडेने आणि गटाराच्या काठाने पांढऱ्या पावडरीच्या सरळ रेघा ओढल्या जातात. ही पावडर कधी चुना असते, कधी टी.सी.एल. असते, कधी दोन्ही नसते. ती कोरड्या जमिनीवर असते. जंतू पाण्यात असतात. टी.सी.एल. ताजी असताना तिच्यात तीस टक्क्यांच्या वर उपयोगी क्लोरीन असतो, पण फाटक्या पोत्यात, ओल्या गोदामात, उन्हात ती पडून राहिली की तिचा जोर ओसरत जातो. पोत्यावरची तारीख कोण वाचतो? रेघ सरळ आली की शेरा मिळतो: ‘परिसर समाधानकारक.’

करोनाच्या काळात, मार्च २०२० मध्ये, उत्तर प्रदेशातील बरेली येथे गावी परतणाऱ्या मजुरांना रस्त्यावर बसवून त्यांच्या अंगावर सोडियम हायपोक्लोराइटचे फवारे मारले गेले, हे आपण विसरलेलो नाही. गटारावर मोजून मारायचे औषध कामगाराच्या अंगावर न मोजता मारले गेले. दिखाऊ निर्जंतुकीकरणाची परिणती अशी होते.

या पावडरीचा हाताळणाऱ्याला असलेला धोकाही येथेच नमूद करतो. ब्लिचिंग पावडर किंवा हायपोक्लोराइट आणि संडास धुण्याचे ॲसिड कधीही एकत्र करू नये. त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो. बंद खोलीत किंवा मॅनहोलच्या तोंडाशी असे मिश्रण जीव घेऊ शकते. हातमोजे, चष्मा आणि मुखपट्टी यांशिवाय हे काम कोणा ठेकेदाराच्या मजुराकडून करून घेतले जात असेल तर त्या मजुराचे नाव आपल्या पटावर आहे की नाही हे न पाहता संघटनेने मध्ये पडले पाहिजे. निर्जंतुकीकरणाच्या नावाखाली कोणालाही मॅनहोलमध्ये उतरवता कामा नये. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली गटारातील मृत्यूसाठी दहा लाख रुपयांची भरपाई ठरवली आणि २०२३ साली ती तीस लाख केली. तीस लाखांनी माणूस परत येत नाही.

श्रीमंत देशांनाही सुटका नाही

‘आपला देश गरीब आहे, हे चोचले आपल्याला परवडणार नाहीत,’ असे उत्तर आपल्याला बैठकीत मिळेल. वस्तुस्थिती अशी आहे की श्रीमंत देशांनाही हे कोडे पूर्णपणे सुटलेले नाही. अमेरिकेत पाऊस आणि मैला एकाच वाहिनीतून नेणारी सुमारे सातशे शहरे आहेत. तेथील पर्यावरण संस्थेने १९९४ साली अशा ओसंडणाऱ्या पाण्याविषयी धोरण जाहीर केले, त्याला आज तीसहून अधिक वर्षे झाली, तरी काम चालूच आहे. इंग्लंडमध्ये २०२३ या वर्षात ओसंडणाऱ्या वाहिन्यांतून मैलापाणी सोडल्याचे एकूण तास ३६ लाख भरले. लंडनने थेम्सखाली २५ किलोमीटर लांबीचा बोगदा खणला. तो २०२५ साली पूर्णपणे जोडला गेला. लोंढा आधी साठवायचा आणि मग प्रक्रिया केंद्राकडे न्यायचा, हेच त्याचे काम.

पण एक फरक लक्षात घेण्याजोगा आहे. इंग्लंडचे ते ३६ लाख तास कोणी तरी मोजले. प्रत्येक तोंडावर मोजणी यंत्र बसवण्यासाठी लोकांनी आवाज उठवला, खासगी पाणी कंपन्यांना लोकांपुढे जाब द्यावा लागला. आपल्याकडे कोणत्या मोरीवरून किती तास मैलापाणी वाहिले याचा आकडा मागितला तर काय मिळेल, हे आपण सारे जाणतो. जे मोजले जात नाही त्याची जबाबदारी कोणावरही टाकता येत नाही. म्हणून आमची पहिली मागणी पावडरीची नाही, मोजणीची आहे.

आपल्या अंगणातले

दुसऱ्याकडे बोट दाखवताना उरलेली बोटे आपल्याकडे असतात. रेल्वेची स्वतःची इस्पितळे आहेत, वसाहती आहेत, डबे धुण्याच्या लाइनी आहेत. इस्पितळाचे सांडपाणी सर्वांत धोक्याचे, कारण सर्वांत कडक औषधे आणि त्यांना पुरून उरलेले जंतू तेथेच एकत्र येतात. २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांनुसार प्रयोगशाळेतील संसर्गजन्य द्रव कचऱ्यावर जागीच पूर्वप्रक्रिया झाली पाहिजे आणि इस्पितळाच्या सांडपाण्यावर प्रक्रिया झाल्याशिवाय ते बाहेर जाता कामा नये. लहानशा, ठरावीक प्रवाहाला तेथेच निर्जंतुक करणे हे शहरभर पसरलेल्या लोंढ्यामागे धावण्यापेक्षा कितीतरी सोपे व स्वस्त आहे. आपल्याच इस्पितळांत हे होते का, हे विचारण्याचा पहिला अधिकार आपला आहे.

डब्यांतील जैव-शौचालयांमुळे रुळांवर मैला पडणे थांबले, आणि त्यासाठी लढलेल्या सफाई कर्मचाऱ्यांच्या चळवळीचे श्रेय मान्य केलेच पाहिजे. त्या टाकीतून बाहेर पडणाऱ्या पाण्याला क्लोरीन लावण्याची तरतूद आराखड्यातच आहे. परंतु महालेखापरीक्षकांच्या २०१७ च्या अहवालात ही शौचालये तुंबल्याच्या आणि दुर्गंधीच्या मोठ्या प्रमाणावर तक्रारी नोंदल्या गेल्या. तुंबलेली टाकी मोकळी करणारा आणि तिच्यातून ठिबकलेल्या पाण्याशेजारी बोल्ट आवळणारा, दोघेही आपलेच साथी आहेत. क्लोरीन वेळेवर भरला जातो का आणि बाहेर पडणारे पाणी तपासले जाते का, हा प्रश्न डेपोच्या पातळीवर विचारता येण्याजोगा आहे.

आणि थोडे आपल्या घराविषयी. ताप आला की औषधाच्या दुकानातून तीन गोळ्या आणायच्या, बरे वाटले की उरलेल्या कपाटात ठेवायच्या आणि पुढच्या वेळी शेजाऱ्याला द्यायच्या, ही सवय आपल्या वसाहतींत आहे. डॉक्टरने लिहिल्याशिवाय प्रतिजैविक घेऊ नका आणि त्याने सांगितल्याशिवाय थांबवू नका. सर्दीला ते चालतच नाही. गटारातल्या त्या थैल्या भरायला आपल्या घरातूनही माल जात असतो.

आमच्या मागण्या

या विषयावर केवळ ठराव करून थांबू नये, असे आमचे सर्व शाखांना आवाहन आहे. भुसावळ असो, नागपूर असो, इटारसी असो की सिकंदराबाद, प्रत्येक ठिकाणी पाणी तुंबण्याच्या जागा आपल्या माणसांना पाठ आहेत. रेल्वेतील साथींनी पी.एन.एम.मध्ये आणि टपाल खात्यातील साथींनी जे.सी.एम.च्या बैठकांत पुढील मुद्दे लेखी मांडावेत.

१. मैलापाणी जेथे नेहमी ओसंडते अशा रेल्वे हद्दीतील जागांची आणि टपाल वाटपाच्या विभागांची यादी पावसाळ्यापूर्वी संघटनेबरोबर बसून करावी आणि ती स्थानिक महापालिकेला द्यावी.

२. त्या जागांच्या पाण्याची पावसाळ्यात ठरावीक मुदतीने तपासणी व्हावी. तीत प्रतिजैविकांना न जुमानणारे जंतू मोजले जावेत, आणि निकाल सूचनाफलकावर लागावा.

३. उदंचन केंद्रे आणि ओसंडण्याची कायमची तोंडे येथे गाळणी, मोजून क्लोरीन घालण्याची व नंतर तो काढण्याची व्यवस्था महापालिकांनी करावी यासाठी प्रशासनाने पाठपुरावा करावा. रस्त्यावर वा फलाटावर पावडरीच्या रेघा ओढणे याला निर्जंतुकीकरण म्हणून गणू नये.

४. रेल्वे इस्पितळांच्या सांडपाण्यावर जागीच प्रक्रिया होते की नाही याचा अहवाल कामगार प्रतिनिधींना मिळावा.

५. गुडघ्यापर्यंतचे गमबूट, जलरोधक हातमोजे आणि जखमेवर तत्काळ प्रथमोपचार ही संरक्षक साधने आहेत. २०१७ पासून गणवेशाऐवजी वार्षिक भत्ता मिळू लागला, म्हणून ही साधने भत्त्यात जमा धरता येणार नाहीत.

६. मैलामिश्रित पाण्यात काम करताना झालेल्या जखमेला पुढे जंतुसंसर्ग झाला तर तो कामावरचाच धरावा. तसा तो नसल्यास प्रशासनाने सिद्ध करावे, कामगाराने नव्हे.

या सहा मागण्यांपैकी शेवटच्या मागणीला सर्वांत अधिक विरोध होईल, हे आम्ही जाणून आहोत. कारण तिच्यासाठी पैसे लागतील. पण हीच मागणी मान्य झाली तर उरलेल्या पाच आपोआप हलतील असा आमचा विश्वास आहे. आजारपणाचा खर्च जोवर कामगाराच्या खिशातून आणि रजेतून जातो आहे, तोवर पाणी तपासण्याची घाई कोणालाही असणार नाही. तो खर्च प्रशासनाच्या खात्यावर पडू लागला की गटाराचे नमुनेही घेतले जातील, पंपही बसतील आणि पोत्यावरची तारीखही वाचली जाईल.

ज्या साथीची हकीकत आम्ही वर सांगितली तो आता कामावर रुजू झाला आहे. दोन बोटे नसलेल्या पायाने खडीवरून चालणे कठीण, म्हणून हलके काम मागितले आहे. अर्ज विचाराधीन आहे. तो नाला मात्र तेथेच आहे. मे महिन्यात त्याच्या काठाने पुन्हा पांढरी रेघ ओढली जाईल. त्या वेळी शाखेच्या कार्यकर्त्यांनी रेघेकडे न पाहता पाण्याकडे बोट दाखवावे आणि एकच प्रश्न लेखी विचारावा: हे पाणी तपासले कधी, आणि निकाल कोठे आहे?